लाटसाहेबांचा थोरला भाऊ

आमच्या गावाबाहेरच्या डाकबंगल्यामागे गोऱ्यांची तीन थडगी होती, आणि ती मी स्वतः न पाहता चुन्याने पांढरीफेक करवून घेतली. माझी चूक एवढीच. मोठी वाटत नाही. मलाही दोन दिवस वाटली नव्हती.

मी तेव्हा मिडल स्कूलमध्ये इंग्रजी शिकवीत असे. बी. ए. मी तिसऱ्या वर्गात झालो होतो. पण पंचक्रोशीत दुसरा बी. ए. नसल्यामुळे पहिला आलो म्हणायला हरकत नव्हती. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. एके दिवशी तहसीलदारांचा निरोप आला, की विलायतेच्या पार्लमेंटातले एक लॉर्ड, मंत्रिपद भोगून मोकळे झालेले, कारंज्याहून मोटारीने येणार आहेत. त्यांचे वडील पन्नास-साठ वर्षांपूर्वी आमच्या भागात साहेब होते आणि त्यांचं एक तान्हं मूल इथे गेलं होतं. त्याचं थडगं लॉर्डांना पाहायचं आहे. दुभाषी तुम्ही, व्यवस्थाही तुमचीच.

त्या थडग्यावर गावातल्या बायकांची भारी श्रद्धा. बाळ अंगावर पिईना, की त्या 'साहेबाच्या पोरा'च्या ओट्याला शेंदूर लावायच्या, पायथ्याशी दूध ओतायच्या आणि वरच्या चिंचेला लाकडी पाळणा टांगायच्या. हे मी नुसतं ऐकून होतो. तिकडे कधी फिरकलो नव्हतो. उलट वर्गात अंधश्रद्धेवर एक सबंध तास घेतला होता. आता प्रत्यक्ष लॉर्डाच्या भावाला शेंदूर! देशाची अब्रू माझ्या हातात आहे असं मला वाटलं. सडकेवर काम करणाऱ्या दोन परगावच्या मजुरांना मी निरोप धाडला : लाल दिसेल ते खरवडा, टांगलेलं उतरवा, वरून चुना मारा. ओट्याची देखभाल करणारी म्हातारी तेव्हा लेकीकडे धनजला गेली होती. मजुरांनी काम चोख केलं आणि सडकेबरोबर पुढे सरकले.

लॉर्ड यायच्या दिवशी मी पहिल्यांदा तिथे गेलो. चिंचेखाली तीन पांढरेशुभ्र ओटे. तिन्ही एका मापाचे. एकाखाली मूल, एकाखाली पटकीने गेलेला सडकेचा इंजिनिअर आणि एकाखाली कुणा कप्तानाचा लाडका घोडा. बांधकाम खात्याच्या गवंड्याला एकच माप येत असावं. घोड्यासाठी ओटा हातभर लांबवावा, एवढंही त्याला सुचलं नव्हतं. नावाच्या फरशा केव्हाच गावात गेल्या होत्या आणि त्यांच्यावर मिरच्या वाटल्या जात होत्या.

"पाटील, यातलं मुलाचं कोणतं?"

"मले काय मालूम? बायकायचं काम ते. आमी कायले जाऊन पाहू?"

"डावीकडचं असन," कोतवाल म्हणाला. मग म्हणाला, "नाईतर उजवीकडचं."

बायकांना विचारावं, तर गर्दी नको म्हणून तहसीलदारांनी त्यांना घराबाहेर पडायची मनाई केलेली. तेवढ्यात मोटार आलीच.

लॉर्ड उंच, वाळके, पन्नाशीचे. मोज्यांना कुसळं लागलेली. आधी बंगल्याच्या व्हरांड्यात चहा झाला, तिथे पाटलांनी मला कामाला लावलं.

"लाटसाहेबाले इचारा, वावर किती?"

मी विचारलं. "काही हजार एकर."

"वाटणी कशी झाली भावाभावात?"

"वाटणी होत नाही. सगळं थोरल्याला जातं."

"अन् धाकट्यानं काय करावं?"

लॉर्ड हसले. "फौजेत जावं, पाद्री व्हावं, नाहीतर हिंदुस्थानात यावं. माझे वडील धाकटे होते."

मी भाषांतर केलं. पाटील तहसीलदारांकडे वळून म्हणाले, "म्हंजे, ज्यायले घरी कायी भेटलं नाई, ते आपल्यावर राज करून राह्यले होते!"

याचं भाषांतर मी केलं नाही. त्या दिवशीचं माझं तेवढंच शहाणपण.

लॉर्ड पुढे आपणहूनच बोलत राहिले. थोरले काका निपुत्रिक वारले, म्हणून घर, जमीन, पदवी वडिलांकडे आली आणि वडिलांकडून त्यांच्याकडे. "पण ती माझी नव्हे," ते म्हणाले. "इथे जो पुरला आहे तो थोरला. तो जगता, तर लॉर्ड तो झाला असता." त्यांची आई ऐंशीच्या पुढची होती. या मुलाविषयी ती जन्मात दोनदाच बोलली होती. आता तिने त्याच्या थडग्याजवळची मूठभर माती मागितली होती, स्वतःच्या शवपेटीत ठेवायला. लॉर्डांनी खिशातून तपकिरीची रिकामी डबी काढून मला दाखवली.

आम्ही चिंचेखाली गेलो. "कोणतं?" त्यांनी विचारलं.

"मधलं," मी स्वच्छ इंग्रजीत सांगितलं. उत्तर येत नसेल तर मधलं सांगावं, हे मी माझ्या विद्यार्थ्यांकडून शिकलो होतो.

लॉर्डांनी टोपी काढली, गुडघे टेकले आणि चाकूने माती उकरून डबीत भरली. तेवढ्यात धनजहून परतलेली म्हातारी हातात दुधाचा गडवा घेऊन आली. तहसीलदाराची मनाई तिच्या गावी नव्हती.

"माहे पाळणे कुठं गेले?" ती ओरडली. मग तिने खाली पाहिलं. "अन् हा बावा घोड्यापाशी काहून बसून राह्यला?"

कोतवाल फिस्सकन हसला. लॉर्डांनी मान वर करून विचारलं, बाई काय म्हणते?

"आपलं स्वागत करते आहे."

स्वागत करणारी बाई असं ओरडत नाही, हे पार्लमेंटात हयात गेलेल्या माणसाला कळत असणारच. ते माझ्याकडे बघत राहिले, डबी उघडीच. मी हिशेब केला : डबी समुद्रापार जाईल, त्यांच्या आईच्या शवपेटीत जाईल, कुणाला कधी कळणार नाही. पण त्या पेटीत घोड्याची माती असेल, आणि ते मला कळलेलं असेल. मी खरं सांगून टाकलं, चुन्याचंही सांगितलं.  लॉर्डांनी डबी उलटी केली आणि बोटाने आतून पुसून घेतली.

म्हातारी उजवीकडच्या ओट्याच्या पायथ्याशी बसली. तिथे वाटीएवढा खळगा होता, वर्षानुवर्षं दूध ओतून पडलेला. चुन्याखालीही तो तसाच होता आणि त्यात मुंग्यांची रांग लागली होती. मी एकदा वाकलो असतो तरी दिसला असता. पाहुणा मुलाचा भाऊ आहे आणि माती त्यांच्या आईला हवी आहे, हे मी तिला सांगितलं. तिने तिथली माती उकरून डबीत भरली.

"माही सासू या लेकराची दाई होती. हा भाऊ थोरला का धाकटा?"

"धाकटा."

"मंग त्याले म्हना, मोठ्या भावाच्या पाया पड."

मी सांगितलं. लॉर्ड वाकले आणि त्यांनी ओट्याला कपाळ टेकलं. चुना कपाळाला लागला. तो त्यांनी पुसला नाही. डबी रुमालात गुंडाळून आतल्या खिशात ठेवली आणि मला म्हणाले, बाईंना विचारा, मी त्यांच्यासाठी काय करू शकतो?

मी विचारलं.

"त्यानं काय कराचं? त्यानं कायी बिघडवलं नाई," ती गडवा पालथा करत म्हणाली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "मास्तर, तुमाले दोन भाषा येतात म्हने. एकीत तरी कोनाले इचारून घ्याचं होतं."