अंदमानला जायचं ठरलं होतं

आईला विसरण्याचा आजार जडला, त्याला तिसरं वर्ष लागलं होतं. उलव्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच. ती न सांगता बाहेर पडायची, म्हणून दाराला आतून कुलूप असायचं. ऑफिसचं काम मी घरूनच करायचे, भाजीसुद्धा फोनवर मागवायचे.

एक दिवस कॉलेजातली मैत्रीण म्हणाली, "अंदमानला जाऊ. आठ दिवस. डायव्हिंग करू." मी हो म्हणून बसले आणि पुण्याला धाकट्या भावाला फोन लावला.

"ताई, तू बिनधास्त जा," तो म्हणाला. "आईकडे मी बघतो."

मग रोज दुपारी जेवणाच्या टेबलावर माझी वही उघडायची. आधी पोर्ट ब्लेअर, तिथला तुरुंग आणि म्युझियम. मग खारफुटीतून होडी. "ती काय बघायची? आपल्या खाडीत ढिगाने आहे," मैत्रीण फोनवर म्हणायची. मग तीन दिवस पाण्याखाली. डायव्हिंगवाल्यांचा फॉर्म आला. दमा आहे का, कानाचं काही दुखणं आहे का, बंद जागेत जीव घाबरतो का. या शेवटच्या प्रश्नापाशी मी बराच वेळ थांबले. मग 'नाही'वर खूण केली.

समोर आई बसलेली असायची. मी तिची मुलगी आहे हे ती विसरली होती, पण माझ्यावर तिचा विश्वास होता.

"कुठं निघालात, बाई?"

"अंदमानला."

"काळ्या पाण्यावर?" तिचा चेहरा उतरला. "असं केलंत तरी काय तुम्ही?"

मी पोट धरून हसले.

निघायच्या पंधरा दिवस आधी, एका शनिवारी, भाऊ सराव म्हणून आला. मी मुद्दामच दोघांना सोडून सीवूड्सला गेले, पोहायचे कपडे घ्यायला. ट्रायल रूममध्ये असतानाच त्याचा फोन आला. "ताई, लगेच ये."

रिक्षा करून आले. लिफ्ट उघडली तेव्हाच आईचं ओरडणं ऐकू आलं. "चोर शिरलाय घरात, चोर!" शेजारी आमच्या दारापुढे जमले होते. आत भाऊ भिंतीला टेकून उभा, मनगटावर दातांचे व्रण. तो रडत होता.

"मी आई आई म्हणत होतो गं. मला नाही जमणार, ताई."

संध्याकाळी तो गेला. मी मैत्रिणीला कळवलं. ती म्हणाली, "मग ऑफिसातल्या एकीला विचारू?"

"विचार," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आई जेवेना. "मला घरी सोडा," एकच धोशा. माझा तोल गेला. "हेच घर आहे! मीपण इथंच अडकलेय, दिसत नाही तुला?"

तिने झटकन दोन्ही हात तोंडापुढे धरले. मी तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. तशीच मी फरशीवर बसले. बऱ्याच वेळाने ती भिंत धरत आली आणि हळूच म्हणाली, "तुम्हालाही सोडत नाहीत का?"

"नाही."

तिने मान हलवली. "मग जेवून घेऊ."

मैत्रीण ठरल्या दिवशी गेली. तिने पाण्याखालचे व्हिडिओ पाठवले. ते मी अजून उघडलेले नाहीत.