अक्काचा हलका फोरम

अक्काला भेटायला कुणी आलं, की ती आधी त्याच्या हातातली पिशवी घ्यायची. पाहुणचार म्हणून नव्हे! पिशवी दोनदा वर-खाली करून वजनाचा अंदाज घ्यायची आणि विचारायची, "एवढं कामून बाळगायलास रे?" मग छत्री, जुना पेपर, रिकामा डबा असं एकेक टेबलावर निघायचं. असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. पण त्याचं हसणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जात नसणार, पैज लावतो.

बीदरात मैलूरला तिचा कॉम्प्युटर क्लास होता. मी तिथं टायपिंग शिकवायचो, म्हणून मी 'मास्तर'. आमच्या भागातली पोरं तेव्हा भराभर बाहेर पडत होती. कुणी पुण्याला, कुणी हैदराबादला, अक्काचा धाकटा भाऊ तर थेट मस्कतला. या सगळ्यांना गप्पा मारायला एक जागा हवी म्हणून अक्कानं इंटरनेटवर फोरम उभा केला. सॉफ्टवेअर मोकळं होतं. कुणीही फुकट घ्यावं, उघडून बघावं, हवं तसं बदलावं. कुणाची म्हैस व्याली, कुणाचं लगीन जमलं, चिटगुप्प्याच्या बाजारात कोण भेटलं, सगळं तिथं लिहून यायचं.

अक्काची अट एकच होती. फोरम संतपुरात उघडला पाहिजे.

संतपुरात तिचे वडील राहायचे, आप्पा. शाळेतून निवृत्त झालेले आणि कानानं पार गेलेले. मस्कतहून मुलाचा फोन आला तरी ऐकू काय येणार? म्हणून ते रोज सकाळी गावातल्या नेटच्या दुकानात जाऊन बसायचे आणि मुलानं फोरमवर लिहिलेलं वाचायचे. तिथलं नेट भलतंच रडतखडत चालायचं. फोरम जड झाला, की आप्पांच्या लेखी मुलगा मुका झाला.

म्हणून मूळ फोरम तिनं अगदी बोडका ठेवला होता. बाकी काय हवं ते प्लगिननं, म्हणजे वरून लावायच्या छोट्या तुकड्यानं जोडायचं, नको झालं की काढायचं. नव्या माणसाला ती हे येळवशीवरून, म्हणजे शेतात जाऊन जेवायच्या आमच्या वेळा अमावास्येवरून समजावायची. "येळवशीला शेतात कडब्याची कोप करताव का न्हाई? कोपीत काय असतंय? पाच दगडाचे पांडव आन् जराक सावली. भज्जी एकानं आणायची, आंबील दुसऱ्यानं, घोंगडं तिसऱ्यानं. सांज झाली की ज्याचं त्यानं उचलून न्यायचं. कोपीत कुणी कपाट बसवतंय व्हय?"

पण लोकांना नेमकं कपाटच हवं असायचं. औरादच्या एका व्यापाऱ्याला राशिभविष्य हवं, पुण्याच्या पोरांना घड्याळ, भावाला येळवशीचे फोटो दिसायला हवेत. मला नाचणारी चित्रं हवी होती. खोटं कशाला बोलू, मला ती फार आवडायची. अक्का आधी तोंडभर शिव्या द्यायची आणि मग जोडून द्यायची. मनानं लोणी होती हो ती!

तिनं स्वतःसाठी एकच प्लगिन घेतलं होतं. फोरमवर आत्ता कोण कोण बसलंय ते त्यात दिसायचं, नावापुढं हिरवा ठिपका. शिकवता शिकवता तिची नजर तिकडं जायची. ठिपका लागला, की भर क्लासमध्ये ओरडायची, "आप्पा बसले!" आणि सगळ्यांना चहा.

एका वर्षी येळवस तोंडावर आली होती. क्लासमधला फोन वाजला. आप्पांचा फोन म्हणजे एकतर्फी कारभार. ऐकू येत नसल्यामुळे ते दुकानदाराच्या मोबाईलवरून आपलं तेवढं बोलायचे आणि ठेवून द्यायचे. बापसुद्धा तिला अक्काच म्हणायचा. "अक्का, पान उघडना गेलंय. पोरगं येळवशीला येतंय का न्हाई, कळना. ठेवतो."

अक्का त्या दिवशी हसली नाही. पदर खोचून बसली आणि एकेक प्लगिन बंद करत सुटली. दर वेळी दुकानदाराला फोन, "आता बघा बरं?"

पहिली गेली माझी नाचणारी चित्रं. मी कुरकुरलो.

"मास्तर, येळवशीला कोपीपुढं तुमीच नाचा. झालं?"

राशिभविष्य गेलं, घड्याळ गेलं, फोटोही गेले. पान तरी उघडेना. उरला हिरवा ठिपका. पान उघडायच्या आधी ते प्लगिन फोरमवरच्या साऱ्या गावाची हजेरी घेत बसायचं, आणि आता तो गाव मोठा झाला होता.

अक्कानं माऊस त्यावर नेला. "हे कामून पायजे?" तिनं स्वतःलाच विचारलं. मग डोळे पुसून म्हणाली, "मास्तर, हे माझंच घोंगडं की हो." आणि बंद केलं.

फोनवर दुकानदार ओरडला, "उघडलं, अक्का! झटक्यात!"

भाऊ येळवशीला येणार होता. त्यानं तसं लिहिलंच होतं, आप्पांनी ते वाचलं. खाली मी दोन ओळी घातल्या, की आप्पा, ठिपका काढलाय, तुम्ही बसलेले आता अक्काला दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. "अक्का, बसलोय. उघडायलंय. ठेवतो."

अक्का अशी हसली की समोरचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला! पुढं रोज सकाळी तो फोन यायला लागला. फोटो, घड्याळ, राशिभविष्य, सगळं हळूहळू परत जोडलं गेलं. ठिपका अक्काला आता नकोच होता. पण माझी नाचणारी चित्रंही आली नाहीत, आणि हे मी अजून विसरलेलो नाही.

नंतर आप्पा गेले, क्लास बंद झाला, आणि अक्का मुलीकडं पुण्याला गेली. स्टँडवर मी तिची पिशवी उचलून बघितली. हाताला वजन लागलंच नाही.

मला ती आठवते ती त्या सकाळच्या फोनपाशी. आप्पांनी कधीच ठेवून दिलेलं असायचं. अक्का मात्र रिसीव्हर कानाला धरून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत असायची, "बसा आप्पा, बसा निवांत!"