फोडणीत पडलेलं सीबीडी

माझी मुलगी तन्वी यंदा राज्याच्या निवड चाचणीत धावली नाही, कारण मला फळीवर छोट्या बाटल्या साठलेल्या आवडत नाहीत.

झालं असं की वालीवच्या कारखान्यात दिवसभर उभं राहून आमच्या ह्यांची कंबर धरली. वैद्यांनी चिठ्ठी लिहून एक तेल दिलं, जिभेखाली थेंब-थेंब घ्यायचं. ह्यांनी जेमतेम दोनदा घेतलं आणि बाटली माझ्या स्वयंपाकघरात आणून ठेवली. मी हुंगून पाहिलं. खोबरेल! (वास जरा गवताळ होता, पण हल्ली कशाला धड वास असतो?) खोबरेलाच्या बरणीत उपडी केली, बाटली भंगारात दिली. फळी मोकळी!

पुढचे दिवस फार सुखाचे गेले. आमच्याकडे कोलंबीच्या कालवणापासून भेंडीपर्यंत सगळं खोबरेलात. हे बसल्या जागी घोरायला लागले. तन्वी सरावाहून येऊन न कुरकुरता जेवायची. मीसुद्धा कुणाशी भांडले नाही! म्हटलं, आली एकदाची हाताला चव.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी जेवताना ह्यांना कंबर आठवली.

"अगं, माझं ते सीबीडीचं तेल कुठाय?"

तन्वीचा घास ताटात पडला. "सीबीडी? भांगेचं? आपल्या घरात?"

"औषध आहे ते! तुमच्यातले खेळाडूपण घेतात म्हणे, अंग मोकळं व्हायला."

"घेतात आणि अडकतात, बाबा! सीबीडीला बंदी नाही, पण त्या तेलात टीएचसी, म्हणजे भांगेतलं नशेचं द्रव्य, उरलेलं असू शकतं. स्पर्धेत लघवी तपासली आणि ते सापडलं की बॅन! आई, बाटली कुठाय?"

मी कालवणाच्या पातेल्याकडे पाहिलं.

"आई!!"

तिने प्रशिक्षकांना फोन लावला, सगळं सांगितलं आणि स्पीकरवर टाकला.

"काकू, हिच्या पोटात किती गेलं असेल?"

"मी काय मापून फोडणी देते?"

"बरं, बाटलीवर काय लिहिलं होतं?"

"बाटली भंगारात."

मग प्रशिक्षक म्हणाले, "तन्वी, अंगात सापडलं की जबाबदार खेळाडूच. आईने घातलं म्हणून कुणी सोडत नाही. या वेळी नको धावूस."

"पण झोप काय छान लागायची!" हे म्हणाले. (माणसाने कधी गप्प बसावं, हे औषधाने कळत नाही.)

तन्वी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, काहीतरी करून खाऊ घालता आलं असतं! तिने धावायचे बूट पिशवीत भरले, पिशवी कपाटावर टाकली आणि दार लावून घेतलं. वर्षभराची मेहनत मी चमचाभर मोहरीत तडतडवली होती.

आता ती पुढच्या वर्षीची तयारी करते आहे आणि स्वतःचं जेवण स्वतः शिजवते. अगदीच मागे लागले, तर माझ्या हातून एक केळं घेते. तेही मी सोललेलं नसेल तरच!