मधली सोळा पानं

आमच्या मंडळात एकमेकांबद्दल काय वाटेल ते बोललेलं चालतं, पण पुस्तकाबद्दल खोटं बोललेलं चालत नाही. महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये, मंडळातल्या सगळ्यांत थोरल्या काकूंच्या फ्लॅटवर जमतो. वडे होतात, चहा होतो, आणि मग एकेकाने सांगायचं, सध्या काय वाचताय. पुस्तक हातात धरून सांगायचं. हातात नसेल तर ते कुठे आहे, कुणाकडे आहे, ते सांगायचं. कारण मराठी पुस्तक इथे बॅगेतून येतं. भाजणी, लोणचं, सासूने बळेच दिलेले लाडू, हे सगळं तीस किलोत बसवून फट उरली तर पुस्तक. त्यामुळे एका पुस्तकाची अख्ख्या यूएईत, निदान आमच्या माहितीत, एकच प्रत असते. ज्याने ती वाहून आणली त्याने आधी वाचायची, मग पुढे द्यायची. पहिला मान आणणाऱ्याचा.

मंडळी म्हणाल तर यथातथाच. एक इंजिनियर गृहस्थ आहेत, ते गेल्या उन्हाळ्यापासून एकाच कादंबरीच्या चाळिसाव्या पानावर आहेत आणि दर वेळी ‘भाषा फार दाट आहे हो’ म्हणतात. एक बाई फक्त मलपृष्ठ वाचून येते. मी तिला एकदा सर्वांसमोर विचारलं होतं, ‘आत काही छापलंय का गं?’ तेव्हापासून ती माझ्या शेजारी बसत नाही. काकू म्हणतात, तुझ्या जिभेला हाड नाही. नसेना. जिभेला कुणाच्याच हाड नसतं.

माझा नवरा या सगळ्यात नाही. तो गाडी घेऊन येतो आणि कार्यक्रम संपेपर्यंत खाली पार्किंगमध्ये एसी लावून मोबाइल बघत बसतो. ‘पुस्तक उघडलं की मला झोप येते,’ हे त्याचं लग्नापासूनचं वाक्य. सुरुवातीला मी हट्टाने त्याला मोठ्याने वाचून दाखवायचे. दुसऱ्या पानाला घोरायचा. मी कोपराने ढोसायचे, उठवायचे, विचारायचे, सांग बघू काय झालं? त्याला सांगता यायचं नाही. मग मी नाद सोडला. आमच्यात बोलणं उरलं ते भाडं, मुलीची फी आणि ‘दूध संपलंय’ एवढंच. मला वाटायचं, बहुतेक घरांत एवढंच असतं. माणूस वाचतच नाही तर त्याच्याशी बोलणार काय?

आम्ही राहतो शारजाला, अल नहदात. माझं ऑफिस दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, म्हणजे दुसऱ्या टोकाला. कंपनीची बस मला उजाडायच्या आत नेते आणि दिवस मावळल्यावर आणून टाकते. नवऱ्याचं ऑफिस दुबईतच, करामा भागात. आणि आमच्याच बिल्डिंगमध्ये, दोन मजले खाली, ती राहते. माझ्याहून थोडी लहान, एकटी, करामातल्या एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला. आवाज मऊ, बोलणं कमी. बसने धक्के खात जायची बिचारी, तेव्हा मीच नवऱ्याला म्हटलं, ‘अरे, तू तिकडेच जातोस ना, सोडत जा तिला.’ मीच तिला मंडळातही आणलं. शनिवारी मी ऑफिसातून परस्पर काकूंकडे पोचायचे आणि हा तिला घरून घेऊन यायचा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हे.

यंदा सुट्टीत पुण्याला गेले तेव्हा एक जाडजूड कादंबरी आणली. तीत एक बाई खाणावळ चालवते. तिचं घर फसवून बळकावणारा भाऊ वीस वर्षांनी जेवायला येऊन पानावर बसतो. इथपर्यंत मी दुकानात उभ्याउभ्या वाचलं. दुकानात शेवटची प्रत होती आणि बाइंडिंगमध्ये गोंधळ झालेला. मध्येच सोळा पानं दोनदा शिवलेली, आणि त्यापुढची सोळा पानं गायब. नेमकी तीच, ज्यांत ती भावाला वाढते की हाकलून देते ते कळावं. पुढे गोष्ट दुसऱ्याच गावात. तरीही घेतली. इथे आल्यावर ऑफिसात ऑडिट लागलं, म्हणून पुस्तक उशाशी तसंच पडून राहिलं. मंडळात कुणाला बोलले नव्हते. वाचून झालं की एकदम हातात धरून बसणार होते.

त्या शनिवारी सांगायची पाळी आली आमच्या बिल्डिंगमधल्या तिची. हात रिकामे. ती म्हणाली, ‘पुस्तक गाडीतच राहिलं, सॉरी हं. पण सध्या मी एका खाणावळवाल्या बाईची गोष्ट वाचतेय.’

मी वडा खाली ठेवला.

ती सांगत होती. चांगलं सांगत होती. त्या बाईचे हात, मोठी पातेली, भावाचं ते खाली मान घालून पानावर बसणं. इंजिनियरसुद्धा घड्याळ बघायचं थांबले. मग ती हसून म्हणाली, ‘आणि गंमत म्हणजे ऐन मोक्याला तीच पानं परत येतात आणि पुढची नाहीतच! भाऊजी गाडी चालवतात, मी मोठ्याने वाचते. त्या सोळा पानांवर आम्ही दोन दिवस भांडतोय.’ आणि माझ्याकडे वळून, अगदी निर्मळ चेहऱ्याने: ‘ताई, तुमचं तर वाचून झालंय ना? भाऊजी म्हणाले, तुम्ही वाचून पुढे दिलंत. सांगा ना, तुम्हाला काय वाटतं, काय होत असेल?’

 म्हणजे मी बसमध्ये बसले की माझ्या उशाशी असलेलं पुस्तक गाडीत जात होतं, आणि मी परतायच्या आत जागेवर येत होतं. चोरीसुद्धा किती नेटकी! आणि ज्याला पुस्तक उघडलं की झोप येते तो माणूस दोन दिवस सोळा पानांवर भांडत होता.

सगळे माझ्याकडे बघत होते. पुस्तकाबद्दल खोटं बोलायचं नाही, हा नियम माझ्याच तोंडी दहादा असतो. मी म्हटलं, ‘वाटायचं काय त्यात? मी दुसरी प्रत चाळलीय. मला माहीतच आहे.’

आणि मी सोळा पानं तिथल्या तिथे रचली.

‘भाऊ वगैरे राहू दे,’ मी म्हटलं. ‘त्या पानांत एक वेगळीच बाई येते. एकटी असते. खाणावळवालीला दया येते, ती तिला कोपऱ्यात जागा देते. बाई गरीब, मऊ बोलणारी. पैसे देऊन आपलं ताट मागायची तिची ऐपत नसते असं नाही. पण सवयच वाईट. दुसऱ्याच्या भरल्या ताटाशेजारी बसायचं आणि त्याचं लक्ष नसलं की त्यातलं उचलायचं. विचारलं तर म्हणते, मला वाटलं तुमचं खाऊन झालं. उष्टं खायची लाज नाही, वर गोड हसणं.’

‘मग?’ मलपृष्ठवालीने विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

‘मग काय, खाणावळवाली एक दिवस तिला भर पंगतीत उठवते. म्हणते, बाई गं, आयत्या बिळावर नागोबा शोभतो, नागीण नाही. खलास.’

लेकी बोले सुने लागे. काकूंनी मान खाली घातली. ती आधी ऐकत होती, चांगल्या वाचकासारखी, किंचित पुढे वाकून. मग हळूहळू तिचा चेहरा उतरत गेला, कान लाल झाले, आणि तिने पदर नसलेल्या खांद्यावरून हात फिरवला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

खाली गाडीत ती मागे बसली, मी पुढे. नवऱ्याने विचारलं, ‘कसा झाला?’ मी समोरचा खण उघडला. पुस्तक तिथेच होतं, आत क्लिनिकचं अपॉइंटमेंट कार्ड खूण म्हणून घातलेलं. मी ते मागे दिलं. ‘वाच,’ म्हटलं. ‘मलाही ऐकू दे.’

‘ताई, मला खरंच वाटलं की तुमचं...’

‘वाच म्हटलं ना.’

तिने मोबाइलच्या उजेडात वाचायला घेतलं. एक-दोनदा अडखळली. मी तिच्याकडे बघतच नव्हते, मी नवऱ्याकडे बघत होते. तिने पहिलं वाक्य वाचलं आणि त्याचा हात आपसूक एसीकडे गेला. पंखा कमी केला, ऐकू यावं म्हणून. शारजाच्या वाटेवर ट्रॅफिक तुंबला होता, एरवी तो हॉर्नवर हात ठेवून शिव्या देतो. त्या दिवशी गाड्या सुटल्या तरी मागच्याने हॉर्न देईपर्यंत त्याला कळलं नाही. घोरणं सोडाच. तिचं शेवटचं वाक्य मध्येच तुटलं तेव्हा तो हळूच म्हणाला, ‘राहू दे आता.’ मला नाही, तिला.

घरी मुलीला सांगितलं. बारावीत आहे, इथेच वाढली. ती फोनमधून मान न काढता म्हणाली, ‘सो? ही ड्राइव्ज, शी रीड्स. इट्स काइंड ऑफ स्वीट, मम्मा.’ म्हणजे हिलाही माहीत होतं.

नवऱ्याला विचारलं, ‘माझ्या वाचण्याने झोप यायची ना रे तुला?’

त्याने गाडीची किल्ली जागेवर ठेवली. मग म्हणाला, ‘झोप नाही यायची. तू प्रश्न विचारायचीस. उत्तर चुकलं की तुझा चेहरा... घोरलं की सुटका व्हायची.’

‘आणि ती?’

‘ती विचारत नाही. वाचते नुसती.’

ती पुन्हा मंडळात आली नाही. बसने जाते आता, लिफ्टमध्ये भेटली तर जिन्याने उतरते. मी सगळं निस्तरलं म्हणायचं. नवरा सकाळी एकटा जातो. आणि दर रविवारी दुपारी जेवणं झाली की मी त्याला समोर बसवून तेच पुस्तक मोठ्याने वाचून दाखवते. तो ताठ बसून ऐकतो. झोपायची काय बिशाद! मी विचारते, काय झालं सांग. तो सगळं बरोबर सांगतो.

मागच्या रविवारी त्या गायब सोळा पानांची जागा आली. मी थांबले. म्हटलं, ‘आता सांग, इथे काय होतं?’ मला त्याची चडफड बघायची होती.

आणि तो सांगायला लागला. ती भावाला चेहऱ्याने ओळखत नाही, लिंबाची फोड ताटाबाहेर सारायच्या सवयीवरून ओळखते. माफ करत नाही, हाकलतही नाही. पोटभर वाढते. मग आपलं ताट घेऊन त्याच पंगतीत बसते, खाणावळ उघडल्यापासून पहिल्यांदा.  जेवण झाल्यावर भाऊ बाहेर ओट्यावर बसून राहतो, ती दोनदा दारापर्यंत येते आणि परत आत जाते. नवरा हातवारे करत होता. इतकं सलग बोलताना मी त्याला लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं. हे सगळं गाडीत, त्या दोन दिवसांत भांडत भांडत, दोघांनी मिळून रचलेलं होतं, आणि ते चांगलं होतं. मी रचलेल्यापेक्षा फारच चांगलं.

तो थांबला आणि माझ्याकडे बघू लागला.

मी म्हटलं, ‘ओटा कुठला? खाणावळ माडीवर आहे. पहिल्याच पानावर दिलंय.’

‘हो का?’ तो म्हणाला, आणि चहा ठेवायला उठला.