हात विचारला, खांदा नाही

हमालांच्या टोळीत त्याला पैलवान म्हणत, कारण तो काडीसारखा होता. पण पोतं उचललं की हसणाऱ्यांची बोलती बंद. उभा जन्म गोदामात हमाली केली, पण मुकादमासमोर कधी मान खाली घातली नाही. घातली ती फक्त पोत्याखाली.

फळीवरून पाय घसरला आणि तो डाव्या अंगावर आपटला. गळ्याखालचं आडवं हाड मोडलं, डॉक्टर ज्याला कॉलरबोन म्हणतात ते.

दवाखान्यातला डॉक्टर माणूस म्हणून बरा होता. एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरून म्हणाला, "दोन वाटा आहेत. एक, हात गळ्यातल्या झोळीत ठेवायचा. बहुतेकांचं हाड आपोआप जुळतं. दुसरी, चिरून हाडावर धातूची पट्टी आणि स्क्रू बसवायचे. त्यानं जुळायची खात्री जास्त, पण जखम चिघळू शकते, पट्टी कातडीखाली टोचते, कधी परत काढावी लागते. वर्षभरानं बहुतेकांचा हात दोन्ही वाटांनी सारखाच चालतो. काम कोणत्या हातानं करता?"

"उजव्या," पैलवान ठसक्यात म्हणाला.

"मग झोळीच बरी."

खोटं कोणीच बोललं नाही. पोत्याला अडकवायचा आकडा उजव्याच हातात असतो. पण म्हणूनच पोतं डाव्या खांद्यावर येतं! विचारला हात, त्यानं हात सांगितला. खांद्याची चौकशी करायचं कुणाला सुचलंच नाही, त्यालाही नाही.

मुकादम म्हणाला, "जागा धरून ठेवतो. पण हाड वेळेत जुळलं तरच हं."

बायको म्हणाली, "हाताबरोबर जीभही झोळीत घाला, घरात शांतता होईल."

त्यानं झोळी इमानानं सांभाळली. तरी पुढच्या फोटोत हाडाची दोन टोकं फटकून वागणाऱ्या भावांसारखी दूरच.

"काहींचं नाही जुळत," डॉक्टर म्हणाला. "आता पट्टी बसवू. कमरेचं थोडं हाड काढून मध्ये भरू."

"मग पोतं कधी घेऊ?"

"कुठं घेता?"

पैलवानानं डाव्या खांद्याकडे बोट केलं.

"तुम्ही उजवा म्हणाला होतात."

"तो हात, साहेब."

"पट्टी नेमकी पोत्याखाली येईल. तेव्हा बसवली असती तरी तिथंच आली असती. पण हाड वेळेत जुळायची आशा जास्त होती. हे माहीत असतं तर नीट बसून बोललो असतो आपण."

घरी त्यानं गोधड्या पोत्यात कोंबल्या, जमतं का बघायला उजव्या खांद्यावर घेतल्या. चार पावलांत अंग डावीकडे कललं आणि तो भिंतीवर आदळला. बायको हसली नाही. तेच त्याला जास्त लागलं.

मुकादमानं त्याच्या जागी दुसरा गडी घेतला. पैलवानाला फाटकी पोती शिवायला गोदामाच्या दाराशी बसवलं. पहिल्याच सकाळी तो नवा गडी ओझ्याखाली वाकून आला आणि कुणाकडे न बघता ओरडला, "बाजूला!"

पैलवानानं सुई दातात धरली, उजव्या हातानं स्टूल ओढलं आणि वाट दिली.