ओट्याशी थांबणारी घोडी

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. आता मोठे साहेब येतील, त्यांची मुलं घोड्यावर बसायला शिकतील, या आशेवर मी शहराबाहेरच्या मळ्यात तबेला घातला. साहेब आले, पण जीपमधूनच हिंडले. त्यात दुष्काळ पडला. लोक तोंडावर म्हणायचे, "माणसाला प्यायला न्हाई, अन् ह्यो घोडी धुतोय!" माझी विहीर तेवढी आटली नव्हती, म्हणून मला पहिलं गिऱ्हाईक मिळालं.

देवणीकडचे एक म्हातारे आडत व्यापारी आपली पांढरी घोडी घेऊन आले. "पाणी होईस्तोवर ठेवा. लेकीसारखी हाय," एवढंच बोलले. घोडी गुणी, पण तिला एक खोड होती. ओटा दिसला की त्याला खेटून उभी राहायची आणि काही केल्या हलायची नाही. मी पडलो तापट. स्वार सांगेल तेव्हा थांबायचं, हिच्या मर्जीने नाही! दोन महिने खपून मी ती खोड मोडली, वर झुळझुळीत चाल बसवली. स्वतःवर भलताच खूश होतो.

पोळ्याच्या सुमारास म्हातारे न्यायला आले. चाल बघून त्यांनी मान डोलावली आणि ते ओट्यावर चढले. पाय टाकणार, तोच घोडी पुढे सरकली. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी धरलं नसतं तर पडलेच असते. तेव्हा मला कळलं, त्यांचा एक गुडघा वाकतच नव्हता. उचलून बसवतो म्हणालो, तर त्यांनी माझा हात झटकला.

"विसरली मला," ते म्हणाले, आणि घोडी तिथेच सोडून एसटीने परत गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन दिवसांनी त्यांची बायको एकटीच आली. पदराला गूळ बांधलेला. मी माफी मागू लागलो, तर मलाच दटावलं, "आता रडू नको बाबा. उभी कर तिला ओट्याशी."

गुडघा गेल्याचं म्हाताऱ्यांनी घरातही सांगितलं नव्हतं. हिनं ते ओळखलं आणि ते दुपारी झोपले की गुळाच्या खड्यावर घोडीला ओट्याशी थांबायला शिकवलं.

"त्यांना वाटतं, घोडीलाच त्यांचं कळतंय. तसंच राहू दे. तू बोलायचं न्हाई."

उदगीरच्या बहिणीचं निमित्त करून ती आठ दिवस आमच्या घरी राहिली. ती शिकवायची, मी नुसता दोर धरायचो. इतकं हळू, इतकं न रागावता शिकवणं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

ती गावी परतल्यावर मी म्हाताऱ्यांना, घोडी न्यायला या, असं कार्ड टाकलं. दोघं आले. "ही आमची मंडळी," ते म्हणाले. मी पहिल्यांदाच भेटल्यासारखा नमस्कार केला. "घोडी नीट सांभाळली ना?" तिनं करड्या आवाजात विचारलं.

घोडी आपणहून ओट्याला खेटली. म्हाताऱ्यांनी सावकाश पाय टाकला, बसले, आणि तिच्या मानेवर वाकून म्हणाले, "ओळखलंस गं बाय मला." डोळे पुसून बायकोकडे वळले. "बघितलंस? मुकं जनावर, पण त्याला कळतं. तुला काय कळणार!"

"मला कशाला कळतंय," ती म्हणाली आणि पदर सावरत त्यांच्या मागून चालू लागली.