अर्जाची सवय

"पुढलं तेवढं कर अक्का, पाठ कोन देखस?" शर्ट टेबलावर टाकताना तो हमखास म्हणायचा. देवपुरात आमचं इस्त्रीचं दुकान होतं. मुलाखतीचं बोलावणं आलं की तो सकाळीच यायचा. मी पाठीवरूनही इस्त्री फिरवायचे. तो ओशाळून हसायचा.

असे पोरगे तुम्हीही पाहिले असतील. बी.ए. झालेला, झिजलेली चप्पल, काखेत फाइल. जळगाव, अमळनेर, नाशिक, सगळीकडे जाऊन यायचा. काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. आठवड्याने तोच शर्ट परत आला की कळायचं.

सरकारी नोकरीचं वय उलटलं. हमालीला पदवीवाला कोणी ठेवेना. मग नरडाण्याच्या एका कारखान्यात त्याने सातवी शिकलो म्हणून सांगितलं. लगेच घेतलं.

"पंधरा वरीस शिकनू, अक्का. काम सातवीनी दिधं."

दोन महिने बरे गेले. मग बहिणीच्या लग्नासाठी रजा हवी होती. बाकीचे मजूर मुकादमाला तोंडी सांगत. याने कागदाला समास पाडून रीतसर अर्ज लिहिला. विषय, महोदय, आपला विश्वासू, सगळं.

मुकादम म्हणाला, "सातवीवाला असं लिहस का? खरं सांग, किती शिकेल शे?"

त्याने खरं सांगितलं. शिकलेला माणूस युनियन काढतो म्हणे. उद्यापासून येऊ नको, असं सांगून त्याला काढलं.

तोंडी का नाही सांगितलं, एवढंच मी विचारलं.

"सवय शे, अक्का. काही मांगनं ऱ्हायनं का हात कागदकडे जास."

लग्न उरकून तो सुरतेला निघाला. तिथे यंत्रमागावर काम मिळतं, असं कोणी सांगितलं होतं. जाण्याआधी दुकानात आला. तिथे किती शिकलो म्हणून सांगशील, मी विचारलं.

"चौथी."

मी खाली बघितलं. मी चौथीपर्यंतच शिकले. त्याला ते ठाऊक होतं.

"तुनी सही दखाड ना, अक्का," तो हळूच म्हणाला.

माझी सही म्हणजे माझं नाव. एकेक अक्षर थांबून काढायचं, वरची रेघ शेवटी. रद्दीच्या कागदावर मी लिहून दाखवलं. त्याने शेजारी आपलं नाव लिहिलं. सुंदर आलं. पुन्हा लिहिलं, तेही सुंदर. मग त्याने पेन मुठीत धरलं. अक्षरं वाकडी झाली, रेघ पार खाली घसरली.

"आते जमनं?"

मी होकाराची मान डोलावली. कागदाची घडी खिशात घालून तो एसटी स्टँडकडे गेला. त्यानंतर देवपुरात तो कोणाला दिसला नाही.